सुभेदारांच्या सोप्यात अर्ज भरले जातात, त्यात कुणाच्या पोटात का दुखतंय?

बावड्याचा_भाऊ

परवा इथं 'थेट_मुद्दा' यांनी लिहिलं: "माजी सैनिकांना पेन्शन, कॅन्टीन, दवाखाना, वर घरपट्टी माफ. सगळं मिळतं. तरी कोल्हापूरच्या कसबा बावड्यातला एक रिटायर सुभेदार त्यांचे अर्ज फुकट भरत बसतो. ही सेवा नव्हे, निवडणुकीची पेरणी आहे. आणि अशा माणसाचा नागरी सत्कार करायचा म्हणे!" दोन ओळीत उत्तर देऊन गप्प बसणार होतो, पण जमलं नाही.

साहेबांचं नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. १९७६ ला बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले, श्रीलंका बघितली, कुपवाडा बघितला, २००६ ला सुभेदार म्हणून पेन्शन आले. मधी काही वर्षं बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला होते. जवान वारल्यावर त्याच्या बायकोची पत्रं तिथं येत. आर्मी नंबर नाही, पलटण नाही, नुसतं "माझे मालक वारले, पेन्शनीचं काय". नंबर नसला की फाईल सापडत नाही आणि फाईल नसली की बाई कागदावर नाहीच. ते त्यांच्या डोक्यातनं कधी गेलं नाही. घरी आल्यावर सोप्यात टेबल मांडलं, शेजारी पांढऱ्या रंगानं नाव-नंबर लिहिलेली आपली काळी ट्रंक ठेवली, आणि तिच्यात आजही लोकांच्या फायली आहेत.

"सगळं मिळतं" म्हणणाऱ्यांनी एकदा त्या फायली उघडून बघाव्यात. गडी रजेवर येऊन लग्न करून गेला, पलटणीत कळवलंच नाही, पार्ट टू ऑर्डर, म्हणजे लग्नाची लष्करी दफ्तरातली नोंद, झाली नाही, पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशावर, बायकोचं नाव नाही. डिस्चार्ज बुकात माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत तिसरंच. नवरा असेपर्यंत कुणाला पत्ता नसतो. तो गेला की मग प्रतिज्ञापत्र, लग्नाचा पुरावा, दुरुस्त पीपीओ. मराठा असेल तर बेळगाव, तोफखाना असेल तर नाशिक रोड, सॅपर (लष्करी इंजिनिअर) असेल तर खडकी, ईएमई (गाड्या-यंत्रं दुरुस्त करणारं दल) असेल तर सिकंदराबाद. कुठल्या कोपऱ्यात कुठलं पत्र टाकायचं हे त्या बाईला कोण सांगणार?

नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याला राधानगरीकडची एक आज्जी आली होती. सेवा केंद्रात मशीन तिचे ठसे घेईना. जन्मभर उसाच्या फडात राबलेली बोटं, रेघा राहिल्यात कुठं? साहेबांनी मोबाइलवर चेहऱ्यावरनं ओळख पटवायचं ॲप लावलं. ते डोळे मिचकवायला सांगतं. आज्जीला वाटलं फोटो काढालेत, ती डोळे ताणून बसली. साहेब समोर उकिडवे बसून स्वतः डोळे मिचकवून दाखवायला लागले, तेव्हा कुठं तिच्या ध्यानात आलं. दाखला निघाल्यावर तिनं विचारलं, "म्हंजे मी जित्ती हाय हे पटलं का त्येस्नी?"

ह्यात निवडणूक कुठं दिसली तुम्हाला?

थेट_मुद्दा

आज्जीची गोष्ट वाचून वाईट वाटलं. आता माझं ऐका.

जिल्ह्याला सैनिक कल्याण कार्यालय आहे. ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची दवाखान्याची योजना, २००३ पासून आहे, पेन्शनचं ऑनलाइन पोर्टल 'स्पर्श' आलं आहे. हे सगळं सरकारनं पैसे खर्चून उभं केलंय. मग ज्या कामाला पगारी माणसं आहेत ते काम एका सत्तरीकडं झुकलेल्या माणसानं घरात का करायचं? तो करतोय म्हणून कुणी वर तक्रार करत नाही. तक्रार नाही म्हणून वरच्यांना वाटतं सगळं सुरळीत चाललंय. एक माणूस खपून खपून खड्डा झाकतो आणि आपण त्याला हार घालतो. मला राग त्याचा आहे.

आणि दुसरं. माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते. कोल्हापूर-पणजी, कोल्हापूर-मुंबई, रात्र रात्र गाडी मारली. आज ईपीएस ९५ ची, म्हणजे पीएफवाल्या कामगारांच्या योजनेची, पेन्शन घेतात. त्यात किमान रक्कम १००० रुपये, २०१४ पासून तीच. तुमच्याकडं सातव्या वेतन आयोगानं किमान ९००० केलं, वर महागाई भत्ता. माझ्या बापासाठी कुणी सोप्यात टेबल मांडलंय? त्यानं देशाची सेवा केली नाही का?

निवृत्त_हवालदार

एसटीच्या ड्रायव्हरबद्दल मला आदर आहे. पण तुलना करायची तर पूर्ण करा. माझी १७ वर्षं नोकरी, त्यातली बायको-पोरांबरोबरची किती ते विचारा. मोठ्या पोरीनं मला पहिल्यांदा बघितलं तेव्हा ती आईच्या पदरामागं लपली होती. ड्रायव्हर रात्री नाही तर सकाळी घरला येतो.

सगळं मिळतं म्हणता, मग वन रँक वन पेन्शनचं, म्हणजे सारखा रँक, सारखी नोकरी त्याला सारखी पेन्शन ह्याचं, सांगतो. नोव्हेंबर २०१५ ला आदेश निघाला, लागू झाला १ जुलै २०१४ पासून. पण त्यानंतर स्वतःच्या विनंतीनं डिस्चार्ज घेतलेल्यांना त्यातनं वगळलं. माझा बाप अंथरुणाला खिळला होता, त्याला उचलायला घरात गडीमाणूस नव्हतं, म्हणून मी अर्ज टाकून आलो. तेवढ्यावरनं मी वेगळा झालो. माझ्याबरोबर भरती झालेला, तोच रँक, तीच पलटण, आणि फरक मात्र कायमचा. ह्यावर कुणी बोलत नाही. सत्कार करा नाहीतर नका करू, हे लिहा आधी.

थेट_मुद्दा

हवालदार, ड्रायव्हर सकाळी घरला येतो हे कुणी सांगितलं? मुक्कामाच्या गाड्या माहीत नाहीत काय तुम्हाला? माझ्या बापानं दिवाळीच्या पहाटा डेपोत काढल्यात. आम्ही आंघोळ करून वाट बघत बसायचो. उगाच दुसऱ्याचं कष्ट हलकं करू नका.

चंदगडी

भांडण मोठ्या लोकांचं चाललंय, तरी बोलतो. आमच्या चंदगडातनं कोल्हापूर म्हणजे अख्खा दिवस. आम्हाला बेळगाव जवळ. तरी लोक सुभेदार साहेबांकडं बावड्याला येतात, कारण तिथं कागद फेकून देत नाहीत. माझ्या चुलत्याचं काम त्यांनीच केलं. चहाचा कपसुद्धा त्यांच्याच घरचा.

पण एक गोष्ट कुणी काढत नाही ती मी काढतो. साहेब जीव काढून बाईची पेन्शन सुरू करून देतात. पैसे येतात. आणि एटीएम कार्ड कुणाच्या खिशात असतं? पोराच्या. आमच्या गल्लीत अशी तीन घरं दाखवतो. आईच्या अंगावर फाटकं लुगडं आणि पोराच्या दारात नवी बुलेट. त्या पेन्शनवर. ह्याला काय म्हणायचं?

थोरला_पोरगा

चंदगडी, तोंड सांभाळून लिहा. माझ्या आईचं कार्ड माझ्याकडंच आहे. तिला आकडे कळत नाहीत, मशीनपुढं उभी राहिली की हात थरथरतो. तिचं दवाखान्याचं, गोळ्यांचं, जेवणाचं कोण बघतंय? मीच ना? बहिणी दिवाळीला येऊन साडी घेऊन जातात. सगळ्या पोरांना एका दावणीला बांधायचं काम करू नका.

सैनिकाची_लेक

थोरले, तुमच्या आईला महिन्याला किती जमा होतं ते तिला माहीत आहे का? एवढं एकच सांगा.

माझे वडील नाईक होते. गेल्यावर आईची पेन्शन सुरू झाली, सुरुवातीची काही वर्षं पगाराच्या निम्मी, मग नियमानं तीस टक्क्यांवर आली. कमी कधी झाली हे आईला कळलंच नाही, कारण पासबुक तिच्या हातात कधी पडलंच नाही. भाऊ सांगायचा, "सरकारनं कमी केलंय." आई सरकारला शिव्या घालत बसायची. प्रत्यक्षात जे कमी व्हायचं ते दोन ठिकाणी कमी व्हायचं. मी सासरी. बोलले तर "वाटणीवर डोळा आहे". म्हणून गप्प.

शेवटी आईलाच सुभेदार काकांकडं घेऊन गेले, हयातीच्या दाखल्याचं निमित्त सांगून. काकांनी दाखला केला, मग आईला जवळ बसवून पासबुकातल्या नोंदी बोट ठेवून वाचून दाखवल्या. "वहिनी, ह्या तारखेला एवढे आले. ह्या तारखेला एवढे गेले. हे गेलेले तुम्ही काढले का?" आई म्हणाली, "न्हाई." काका पुढं एक शब्द बोलले नाहीत. भावाला बोलावून खडसावलं नाही, तमाशा केला नाही. बँकेतल्या माणसाला सांगून आईच्या स्वतःच्या साध्या मोबाइलवर संदेश यायची सोय केली. आईला वाचता येत नाही, पण फोन वाजला की शेजारच्या पोरीकडून वाचून घेते. भावाला कळलं आणि घरात महाभारत झालं. काकांना घरी येऊन बोलून गेला, नाही नाही ते. काकांनी ऐकून घेतलं.

म्हणून "निवडणुकीची पेरणी" वाचलं तेव्हा माझा संताप झाला. मतं मिळवायची असतील तर माणूस पोरांच्या बाजूनं बोलतो. मतं पोरांकडं असतात.

थोरला_पोरगा

माझ्या आईला माहीत आहे की नाही हा आमच्या घरचा प्रश्न आहे. सुभेदार असो नाहीतर जनरल, दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायचा अधिकार कुणी दिला? तुमच्या भावाचं चुकलं असेल. पण भावाबहिणीत आग लागली ती कुणामुळं?

सैनिकाची_लेक

आग आधीच होती. धूर आईच्या एकटीच्या नाकात जात होता.

चंदगडी

बरोबर ताई. आणि कायद्यानं बोलायचं तर ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा आहे, प्रांताकडं अर्ज करता येतो. पण कुठली आई पोराविरुद्ध अर्ज करणार? म्हणून असा मधला माणूस लागतो. दरडावणारा नाही, नुसतं वाचून दाखवणारा.

फौजीची_मावशी

ह्याच धाग्यात लिहून ठेवते, कुणाला उपयोग होईल. घटस्फोटित, विधवा किंवा लग्न न झालेल्या अवलंबून असलेल्या मुलीलाही आईनंतर कौटुंबिक पेन्शन मिळू शकते. घटस्फोटाचा दावा मात्र आई-वडिलांपैकी कुणी हयात असताना दाखल झालेला हवा. आमच्या पुतणीला हे कुणीच सांगितलं नव्हतं. दिव्यांग मुलगा-मुलगी असेल तर त्याचं नाव आईबाप असतानाच पीपीओवर चढवून घ्या. नंतर फार हाल होतात.

अग्निवीराचा_बाप

अग्निवीर म्हणून भरती झालेल्या आमच्या पोराला चारच वर्षं नोकरी. पंचवीस टक्के ठेवून घेणार, बाकीचे घरी. पेन्शन नाही, ईसीएचएस नाही. माझा बाप फौजी, मी फौजी, सैनिक टाकळीत आमचे पाहुणे घराघरात फौजी. पोरगा परत आला तर त्याची फाईल साहेबांच्या ट्रंकेत कुठं बसणार, सांगा. पेन्शनच नाही तर भांडायचं कशासाठी?

बावड्याचा_भाऊ

ह्याच्यासाठी वेगळा धागा काढा दादा, खरंच काढा, मी येतो तिथं. इथं आता सत्कार बाजूलाच राहिला.

थोरले, साहेब कुणाच्या घरात नाक खुपसत नाहीत. बाई स्वतः सोप्यात येऊन बसते. तिनं विचारलं तर ते खोटं सांगणार नाहीत, एवढंच. तीस वर्षं ज्यांनी पोरांना हुकूम दिले तो माणूस आज कुणावर आवाज चढवत नाही, हे बावड्यात कुणालाही विचारा.

आणि थेट_मुद्दा, तुमचं एक पटलं. एसटीच्या लोकांना असा माणूस नाही, हे खरं आहे आणि वाईट आहे. पण म्हणून ज्यांना आहे त्यांचाही काढून घ्यायचा का?

थेट_मुद्दा

काढून घ्यायचं मी म्हटलंच नव्हतं. वाचा परत.

ताईंनी लिहिलेलं वाचलं. पासबुक वाचून दाखवायचं काम कुठल्या कार्यालयाच्या कामात बसत नाही, हे मला मान्य करावं लागतंय. पण उरलेल्या गोष्टी बसतात. हयातीचा दाखला, नावाची दुरुस्ती, अर्ज कुठं पाठवायचा ते सांगणं, हे तालुक्याच्या गावात महिन्यातनं एक दिवस सरकारी माणसानं येऊन बसून करायला काय हरकत आहे? चंदगडला, गारगोटीला, आजऱ्याला. सुभेदार उद्या आजारी पडले तर ती ट्रंक कोण उघडणार? ह्याचं उत्तर सत्कारवाल्यांपैकी एकानंही दिलेलं नाही.

मी जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन लिहितोय. प्रत्येक तालुक्यात महिन्याला शिबिर, आणि त्यात ईपीएसवाल्यांसाठीही एक टेबल. कोण सही करणार ते सांगा, नुसती भाषणं नकोत.

निवृत्त_हवालदार

माझी सही धरा. पण विनंतीवरच्या डिस्चार्जवाल्यांचा मुद्दा घाला.

थेट_मुद्दा

तो दिल्लीचा विषय आहे हवालदार, जिल्हाधिकारी काय करणार?

निवृत्त_हवालदार

वर पाठवतील. घाला म्हणतोय ना.

चंदगडी

चंदगडातनं पाहिजे तेवढ्या सह्या देतो. पण मंगळवारी शिबिर नको, त्या दिवशी बाजार असतो एकेकाकडं, बायका येणार नाहीत.

सैनिकाची_लेक

आई अंगठा देईल. चालेल का?

बावड्याचा_भाऊ

चालेल की. अंगठ्यापुढं नाव लिहून साक्षीदाराची सही घेऊया.

मी स्वतः साहेबांकडं कागद घेऊन जातो, पण त्याआधी थेट_मुद्दांनी परवाच्या लिखाणातलं "निवडणुकीची पेरणी" काढावं. ते तसंच ठेवून मी साहेबांपुढं उभा राहणार नाही.

थेट_मुद्दा

ते वाक्य काढलं. सत्काराला माझा विरोध आहे तो आहेच, तो खर्च शिबिराच्या मंडपाला द्या. मसुदा रात्री इथंच टाकतो, चुका काढा.