पोरगा कॅथलिक धर्मसंघात जायचं म्हणून राहिला, एकदा व्रतं घेतली की परत यायचा रस्ता बंद होतो का?

मोहननगरकर:
नमस्कार मंडळी. आम्ही नागपूरचेच, मराठी कॅथलिक. मुलगा २४ चा, एकुलता एक, इंजिनियरिंग झालं, मिहानला जॉब लागला, आता कुठं बरं चाललंय म्हणेपर्यंत ईस्टरनंतर एक दिवस जेवताना म्हणे पप्पा मला संघात जायचंय. मी म्हटलं फादरच व्हायचंय ना, मग इथंच सेमिनरी हिल्सवर सेमिनरी आहे, डायोसेसचा (बिशपच्या धर्मप्रांताचा) फादर हो, आपल्या भागात तरी राहशील. तर म्हणतो तसं नाही, मला व्रतं घ्यायची आहेत. हिची तब्येत तेव्हापासून बिघडूनच राहिली, जेवत नाही धड. मला राग नाही, आमच्या घरात रोज रोझरी होते, पण एकदा व्रतं घेतली की परत यायचा रस्ता बंदच का? आणि आमचं म्हातारपण, घर, त्याच्या शिक्षणाचं लोन सुरू आहे अजून, हे सगळं कोणाच्या भरवशावर? पॅरिश प्रीस्टला विचारायला संकोच वाटतो कारण ते खूश होऊन पुलपिटवरूनच सांगून टाकतील.

भावाची_बहीण:
काका आधी काकूंना सांगा की उद्या काही होत नाहीये. माझा मोठा दादा फ्रान्सलियन संघात आहे, म्हणजे आपले एसएफएसवाले (सेंट फ्रान्सिस डी सेल्सच्या नावाचा संघ), ज्यांच्या फादरांनी नागपूरचं मिशन उभं केलं. घरात आम्हीपण असेच हादरलो होतो. पण रस्ता फार लांबचा आहे हो. आधी नुसतं जाऊन राहणं, मग पोस्टुलन्सी (उमेदवारी), मग नोव्हिशिएट (व्रतांआधीचं प्रशिक्षण), ते कॅनन लॉप्रमाणे (चर्चचा कायदा) कमीत कमी १२ महिने आणि जास्तीत जास्त २ वर्षं, आणि तोपर्यंत एकही व्रत नाही. नोव्हिस कधीही बॅग उचलून घरी येऊ शकतो, आणि संघही त्याला घरी पाठवू शकतो, पाठवतातही, हे लोकांना माहितीच नसतं. नंतर पहिली व्रतं, दारिद्र्य ब्रह्मचर्य आज्ञापालन, ती मुदतीची, ३ वर्षांपेक्षा कमी नाही, साधारण ६ पर्यंत, फार ताणलं तर ९. मुदत संपली आणि नको वाटलं तर नूतनीकरण करायचं नाही, संपलं. कायमची व्रतं त्यानंतर, आणि ती मोडायची तर मात्र रोमपर्यंत अर्ज जातो, तो सोपा नाही.

फक्त कोणता संघ ते विचारा त्याला, कारण येशूसंघात (जेझुइट) वेगळं आहे. तिथं २ वर्षांच्या नोव्हिशिएटनंतरची पहिलीच व्रतं कायमची असतात, आणि अंतिम व्रतं मग फिलॉसॉफी, रिजन्सी (मधली कामाची वर्षं), थिऑलॉजी, प्रीस्टची दीक्षा, टर्शियनशिप (शेवटचं प्रशिक्षण) असं सगळं होऊन कितीतरी वर्षांनी.

आणि डायोसेसचा फादर वेगळा, तो बिशपना आज्ञापालनाचं वचन देतो, ब्रह्मचर्य पाळतो, पण दारिद्र्याचं व्रत नसतं त्याला, स्वतःचं बँक खातं गाडी ठेवू शकतो. तुमचा मुलगा दोन्हीत फरक करून बोलतोय म्हणजे वाचून-विचारून बोलतोय, हे लहान पोराचं खूळ वाटत नाही मला.

अर्धवट_नोव्हिस:
भाऊ मी परत आलेल्यांपैकी. येशूसंघात होतो, नोव्हिशिएट अर्धवट सोडून आलो, आज बायको पोरं सगळं आहे आणि त्या दिवसांबद्दल काही वाईट बोलणार नाही. तिथं नुसती प्रार्थना करत बसवत नाहीत. ३० दिवस मौन, संत इग्नाशियसची साधना, ते पहिल्या आठवड्यात डोकं फुटून जाईल असं वाटते, मग बसून जाते. त्यानंतर दवाखान्यात काम, म्हणजे पेशंटची भांडी अन् बेडपॅन धुणे. आणि एक यात्रा असते, खिशात एक रुपया नाही, चालत जायचं, मागून खायचं. एका गावात संध्याकाळी ओट्यावर टेकलो तर तिथल्या आजीनं भाकर अन् पिठलं आणून दिलं आणि विचारलं कोणत्या मठाचा रे तू. काय सांगू, दाढी वाढलेली, पायात तुटकी चप्पल. म्हटलं आजी शिकून राहिलो अजून. तिनं अजून एक भाकर वाढली.
मी सोडतो म्हटलं तेव्हा नोव्हिस मास्टरनी ना रागावलं ना थांबवलं, दोन दिवस शांत राहून परत सांग म्हणाले, मी परत सांगितलं, तिकीट काढून दिलं. खरा त्रास घरी आल्यावर झाला, मामा मावश्या सगळे असे पाहत होते जसं मी काही चोरून पळून आलो. तेव्हा काका तुम्ही त्याला आत्ताच सांगून ठेवा की दार उघडं आहे, कधीही ये, कोणी काही विचारणार नाही. हे ऐकलं की पोरगा तिथंही मोकळ्या मनानं राहते.

सदरचा_सीए:
बाकी सगळे पाचारण (देवाचं बोलावणं) वगैरे बोलले, मी तुमच्या त्या एका ओळीवर थांबलो. शिक्षणाचं लोन सुरू आहे ना? कॅनन ६४४ काढून पाहा, ज्याच्यावर कर्ज आहे आणि फेडता येत नाही अशाला नोव्हिशिएटमध्ये घ्यायचं नाही असं सरळ लिहिलंय. आणि तुम्ही को-ॲप्लिकंट असाल तर बँक तुमच्याकडेच येणार, बँकेला व्रताशी काय घेणं. मिहानच्या पगारातून तो दोन-तीन वर्षं फेडत राहील, तेवढ्यात वहिनींचंही मन स्थिर होईल आणि त्याचंही कळेल.
घराचं म्हणाल तर पहिल्या व्रतांआधी तो आपल्या मालमत्तेची व्यवस्था दुसऱ्या कोणाकडे सोपवतो आणि कायमच्या व्रतांआधी मृत्युपत्र करतो, देशाच्या कायद्यात चालेल असं. तुमचं घर तुमच्याच नावावर राहते, पण तुम्ही दोघं तुमचं मृत्युपत्र आत्ताच करून ठेवा, कारण उद्या त्याच्या वाट्याला आलेलं बऱ्याच संघांत शेवटी संघाकडे जाते आणि मग नातेवाईक भांडत बसतात, हे मी पाहिलंय.
आणखी एक, जाता जाता. २०२४ च्या नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अनुदानित शाळेत शिकवणाऱ्या फादर-सिस्टरांच्या पगारातून टीडीएस कापायचाच. त्यांच्या बाजूचं म्हणणं होतं की व्रत घेतल्यावर माणूस दिवाणी दृष्ट्या मेल्यासारखा, पगार थेट संघाला जातो. कोर्टाने ऐकलं नाही, पगार त्याच्या नावाने निघतो ना मग कर भरा. सरकारदरबारी तुमचा मुलगा तुमचा मुलगाच राहणार.

रिधपूरकडचा:
मी ख्रिश्चन नाही, आमच्या घरात महानुभाव. माझा चुलता संन्यास घेऊन गेला तेव्हा आजी वर्षभर त्याचं ताट वाढत होती. तुमच्या मंडळींत निदान इतकी वर्षं थांबून विचारतात हे वाचून बरं वाटलं. एकुलता एक असेल तर घेतात का पण?

भावाची_बहीण:
घेतात, बंदी नाही. १९१७ च्या जुन्या कायद्यात होतं की आईवडील फार अडचणीत असतील आणि मुलानेच सांभाळायचं असेल तर घ्यायचं नाही. १९८३ च्या नव्या कायद्यात तसं कलम नाही, तरी व्होकेशन डायरेक्टर (संघात येऊ पाहणाऱ्या मुलांना पारखणारे फादर) घरी येऊन बसतात, आईबापाचं वय, आजार, पेन्शन सगळं विचारतात, तेव्हा लाजू नका, जे आहे ते सांगा. दादाच्या वेळी बाबांनी सगळं छान छान सांगितलं आणि नंतर शुगरच्या औषधांसाठी मलाच पळावं लागलं, ते अजून सलते मला. आजारपणात घरी जाऊ देतात, पण परवानगी मागूनच, आणि पोस्टिंग कुठंही, दादा आता आसामकडे आहे. एक अजून, संघात गेला म्हणजे फादरच होईल असं नाही हो, ब्रदरही (व्रतं घेतलेला, पण प्रीस्ट नसलेला) राहू शकतो आयुष्यभर. अस्सिसीचा फ्रान्सिस स्वतः कधी प्रीस्ट झाला नाही.

मोहननगरकर:
सगळ्यांचे आभार. रात्री त्याला बसवून लोनचा कागद समोर ठेवला. म्हणे पप्पा मला माहिती आहे, व्होकेशन डायरेक्टरनी पहिल्याच भेटीत विचारलं, म्हणूनच पुढचं वर्ष धरलंय, बोनस आला की प्रीपेमेंट करतो. म्हणजे याने सगळं ठरवूनच ठेवलंय, फक्त आम्हाला शेवटी सांगून राहिला. हिने मात्र आज दोन पोळ्या खाल्ल्या. संघाचं नाव कॅपुचिन सांगितलं, दाढी ठेवतात तेच ना? आणि सर्टिफिकेट कोणती लागतात, त्याचा बाप्तिस्मा त्याच्या आजोळी यवतमाळकडच्या पॅरिशमध्ये झालेला.

भावाची_बहीण:
हो तेच, तपकिरी झगा आणि कमरेला दोर. नोव्हिशिएटआधी बाप्तिस्मा, कन्फर्मेशन आणि लग्न झालेलं नाही याचा पुरावा लागतो. घरात फ्रेम करून ठेवलेलं जुनं सर्टिफिकेट चालणार नाही, त्या पॅरिशच्या रजिस्टरवरून नवीन काढून आणा, कन्फर्मेशन-लग्नाचे शेरे त्यातच असतात. आधी फोन करून जा, तिथले फादर रविवारी चार-चार गावांत मिस्सा करत फिरत असतात.