‘डोला देणे’ याला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न :
एका हिंदी कथेचा अनुवाद करताना ‘राजा ने डोला दे दिया’ या साध्या दिसणाऱ्या वाक्यापाशी मी चार दिवस अडून बसले आहे. कथेतला राजा माळव्यातला आणि वेढ्यात सापडलेला आहे. तह होतो, आणि त्याच्या एका कलमानुसार राजाची धाकटी मुलगी पालखीतून शत्रूच्या छावणीत रवाना होते. आम्हा इंदूरच्या मराठी माणसांच्या बोलण्यात हिंदी इतकी मुरलेली आहे की ‘डोला दिला’ असे लिहून टाकताना मला काहीच खटकले नाही; पुण्याच्या आतेबहिणीने मात्र मसुदा वाचून ‘हा मोहरमचा डोला का?’ असे विचारले. ‘मुलगी दिली’ म्हटले तर युद्ध नाहीसे होते, आणि ‘बळजबरीने लग्न लावले’ म्हटले तर कथेत कुणीही न उच्चारलेला शब्द मी तिच्यात घुसडते. कृपया मार्ग सुचवावा.

प्रतिसाद :
आपल्या आतेबहिणीची शंका रास्त आहे, कारण मराठीत ‘डोला’ म्हटले की आधी ताबूतच आठवतो. हिंदीतल्या ‘डोला देना’चा अर्थ बलाढ्य राजाला भेट म्हणून मुलगी पाठवणे असा आहे. वरात मुलीच्या दारी न येता मुलगीच वराच्या दारी जाते, आणि सारा अपमान या उलट्या दिशेत साठलेला असतो.

‘खांडाराणी’ हा शब्द कुणी सुचवील, पण तो येथे चालणार नाही. मल्हारराव होळकरांच्या हरकूबाईंना खांडाराणी म्हणत, ते वराऐवजी त्याची तलवार लग्नाला पाठवली गेली म्हणून. तिथे तहाचा संबंध नाही. ‘राक्षसविवाह’ही बसत नाही. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात त्याची व्याख्या मारून, तोडून, फोडून, आक्रोश करणाऱ्या मुलीला घरातून ओढून नेणे अशी आहे. आपल्या कथेत दार बापानेच उघडले आहे, आणि केवळ तेवढ्यामुळे स्मृतीच्या शब्दांत हा विवाह ‘दाना’च्या रांगेत जाऊन बसेल.

‘मागणी’ हा शब्द मात्र हाताशी ठेवावा. मागणी घालणे सोयरिकीचे आणि मागणी करणे व्यवहाराचे, हा भेद शांततेच्या काळात स्पष्ट असतो, युद्धात तो पुसला जातो. मेवाडच्या कृष्णाकुमारीला जयपूर आणि जोधपूर या दोन्ही घराण्यांची मागणी होती. त्यापायी लढाई झाली, शिंदे-होळकरांचे हितसंबंधही त्यात गुंतले, आणि १८१० मध्ये त्या कोवळ्या मुलीला विष घ्यावे लागले.

‘मुलगी दिली’ने युद्ध नाहीसे होते, हे मात्र मला मान्य नाही. मुलगी दिली, मुलगी केली, मुलगी उजवली : आपली घरगुती क्रियापदेही मुलीला कर्माच्याच जागी बसवतात. तिला कर्ता करणारे ‘वरणे’ आता पुराणात उरले आहे. (वर्तमानपत्रांत विजयश्री कधी स्वतः माळ घालते, तर कधी ‘खेचून आणली’ जाते, कुणाला त्यात काही वावगे वाटत नाही.) म्हणून ‘दिली’ तसेच ठेवून त्यामागे एकच शब्द जोडावा : ‘राजाने मुलगी तहात दिली.’ ‘तहात दिले’ हे शब्द वाचताच मराठी वाचकाला १६६५ चा पुरंदरचा तह आणि त्यात दिलेले तेवीस किल्ले आठवतात, आणि मुलगी त्या किल्ल्यांच्या यादीत आपोआप जाऊन बसते. ‘डोला’ हवाच असेल तर तो दासीच्या संवादात येऊ द्यावा. तिच्या तोंडी तो खुलेल.

मूळ प्रश्नकर्तीकडून :
‘तहात दिली’ हे निवेदनासाठी स्वीकारले आहे, मनःपूर्वक आभार. आईच्या संवादात ‘पाठवणी’ हा शब्द मी मुद्दाम टाळला आहे, कारण त्यामागे ओटी आणि अक्षता येतात; ती नुसते ‘पाठवली’ म्हणते. आता एकच वाक्य उरले आहे. मुलगी पालखीत बसताना मूळ कथेत ‘जाती हूँ’ म्हणते. आपल्याकडे निघणारी बाई ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणते, आणि आतेबहिणीने मसुद्यात तशी दुरुस्तीही केली होती. मी ती खोडून ‘जाते’ असेच ठेवले आहे.