मदत हवी आहे: कानातल्यांच्या जोडीत गणपतीची सोंड कोणत्या बाजूला?

चांदीच्या पत्र्यावर ठोकून देवचिन्हांचे दागिने करते. गणपतीच्या कानातल्यांची जोडी आरशातल्यासारखी उलटसुलट केली, की एक सोंड डावी, दुसरी उजवी. उजव्या सोंडेचा गणपती कडक मानतात, त्यामुळे गिऱ्हाईक बिचकतं. दोन्ही डाव्या केल्या तर जोडी विजोड दिसते. शंखाचंही तेच, एक वामावर्ती, दुसरा दक्षिणावर्ती! तुम्ही काय करता? (नुसत्या मोदकावर भागवा, हा सल्ला नको.)

शिवाय विष्णूच्या पेंडंटमध्ये शंख, चक्र, गदा, पद्म चार कोपऱ्यांत बसवायचेत. हातांतल्या त्यांच्या क्रमावरून केशव, नारायण, माधव अशी २४ रूपं ठरतात. पण मूर्तीच नसेल, तर उजवं-डावं देवाचं धरायचं की बघणाऱ्याचं? मूर्तिशास्त्र जाणणाऱ्यांनी जरूर सांगा.