मदत हवी आहे : पुरवणी मागणीत रस्त्याचं नाव आलं, आता पुढे काय?

धुऱ्यावरचा : जिल्हा यवतमाळ. गाव ते राज्यमार्ग ४ किमी, सगळी काळी माती. नागपूर अधिवेशनातल्या पुरवणी मागण्यांच्या (सरकार वर्षाच्या मधेच विधिमंडळाकडे मागतं त्या जादा खर्चाच्या) पुस्तकात आमचा रस्ता आहे. किंमत ३ कोटी, तरतूद ३० लाख. गावात पेढे वाटून झाले. काम कधी लागेल? सरपंचांनी नेमकं काय मागावं?

टिपणी : भाऊ, पेढे जरा लवकरच वाटले. किमतीचा रकाना सोडा, तरतुदीचा वाचा. बाकीचे २ कोटी ७० लाख पुढच्या अंदाजपत्रकांतून सुटतील तेव्हा खरे. सभागृहात भांडण असतं ते याचंच. प्रत्येक आमदाराला आपल्या रस्त्याचं नाव पुस्तकात हवं, म्हणून थोडी थोडी तरतूद टाकून यादी लांबवतात. मग दायित्व (मंजूर कामांची द्यायची राहिलेली रक्कम) फुगतं, देयकं थकतात आणि कंत्राटदार निम्म्यात मशीन उचलून नेतो.

विनियोजन विधेयक (या खर्चाला परवानगी देणारं) मंजूर झालं की प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, असा क्रम. डिसेंबरच्या मागणीला ३१ मार्चपर्यंत तीनच महिने मिळतात. त्यात आचारसंहिता लागली तर संपलंच. निधी खर्च झाला नाही तर व्यपगत होतो, म्हणजे हातचा जातो. म्हणून मार्चच्या अधिवेशनाआधी आमदारांना उरलेल्या तरतुदीचं लेखी पत्र द्या, ग्रामसभेचा ठराव जोडून.

रस्ता क्रमांक : आधी दर्जा बघा. ग्रामीण मार्ग (ग्रा.मा.) आणि इतर जिल्हा मार्ग (इ.जि.मा.) जिल्हा परिषदेकडे, प्रमुख जिल्हा मार्ग (प्र.जि.मा.) बांधकाम खात्याकडे. पुस्तकात लेखाशीर्ष (खर्चाचा सरकारी हिशेब क्रमांक) ५०५४ असेल तर भांडवली काम, ३०५४ असेल तर देखभाल. ३०५४ मधून नवा रस्ता होत नाही, खड्डे बुजतात.

धुऱ्यावरचा : ५०५४ आहे. उरलेले पैसे आमदार निधीतून नाही का भागणार?

रस्ता क्रमांक : तो वर्षाला ५ कोटी, अख्ख्या मतदारसंघाला! एका रस्त्याला २ कोटी ७० लाख कोण देईल जी? त्यापेक्षा पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा नियोजन समितीकडे एखाद्या मोरीचं (रस्त्याखालून पाणी जाण्याच्या वाटेचं) काम मागा. फक्त तेच काम दोन ठिकाणी दाखवू नका, लेखापरीक्षणात अडकतं.

खडीवाला : रस्त्याच्या कामाच्या अंदाजपत्रकाची प्रत माहिती अधिकारात मागवा. शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस. त्यात मुरुमाचा भराव, दोन्ही बाजूंच्या नाल्या आणि मोऱ्या आहेत का ते तपासा. ३.७५ मीटर रुंदी धरली तर ४ किमीला १५,००० चौ.मी. होतात. त्यावर २० मिमी कारपेट (डांबराचा वरचा पातळ थर) म्हणजे फक्त ३०० घ.मी. डांबरी मिश्रण. काळी माती पाण्यानं फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. खालचा थर कच्चा असेल तर हे कारपेट पहिल्याच पावसाळ्यात पापडासारखं सुटतं. या वर्षी ३० लाखच मिळणार असतील तर मातीकाम आणि मोऱ्या आधी उरकायला सांगा. भराव एक पावसाळा खाऊन बसला की पुढचे थर टिकतात. अर्धा किमी डांबर टाकून फोटो काढायचा आग्रह मात्र सरपंचांनी सोडावा.