गर्भाची पिशवी काढायचं ठरतं कुठं? दवाखान्यात की उचल घेताना?

बालाघाटचा :
दसरा झाला. परवा रात्री आमच्या वाडीतून तीन ट्रक भरून ऊसतोडीला गेले. भांडीकुंडी, शेळ्या, लेकरं, सगळं वर. एकात माझी चुलत वहिनी होती. वय 31. मागच्या हंगामाचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, घरी आली आणि चैत्रात तिनं पिशवी काढली. अंगावरून पांढरं जायचं, कंबर धरायची. तालुक्याला एका खाजगी दवाखान्यात सांगितलं, "ठेवली तर कॅन्सर होईल." खर्च 35 हजार. मुकादमानं, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदारानं, रोख दिले आणि यंदाच्या उचलीत, म्हणजे हंगामाआधीच्या आगाऊ पैशात, धरले. आता ते फिटेस्तोवर मोळ्या वाहायच्या.

2019 साली बीडचं हे प्रकरण गाजलं तेव्हा सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. शंभरात जवळपास 17. मग काय झालं? खाजगी दवाखान्यानं ऑपरेशनआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायची असा नियम आला. नियम चांगलाच आहे. पण सगळी चौकशी दवाखान्याच्या दारात थांबली, कारखान्याच्या गेटापर्यंत गेलीच नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. हा निर्णय डॉक्टरच्या टेबलावर होतच नाही, तो उचलीचा आकडा ठरतो तेव्हाच होऊन जातो. नवरा-बायको मिळून एक कोयता. जानेवारी 2024 मध्ये 34 टक्के वाढ झाली, तरी भाव टनाला 366 रुपयांच्या आसपासच गेला. जोडीनं दिवसाला दोन टन ऊस तोडला, साळला, मोळ्या बांधून गाडीत भरला तर दोघांचे मिळून सातशे-सव्वासातशे. आणि एका दिवसाचा खाडा पडला तर आमच्याकडच्या टोळ्यांत पाचशे कापतात. पाळीच्या दिवसांत उसाच्या फडात ना आडोसा ना पाणी. कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, न्हाणी नाही. अशा बाईला कुणी म्हणालं की पिशवी काढ, कटकट जाईल, तर ती नाही कशाला म्हणेल?

साखर कोण खातं तेही बघा. मार्च 2024 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं महाराष्ट्राच्या ऊसतोडीवर मोठी बातमी केली. इथल्या साखरेच्या गिऱ्हाइकांत कोकाकोला आणि पेप्सी असल्याचं त्यात होतं. एवढ्या मोठ्या कंपन्यांना साखरेतला ओलावा मोजता येतो, फडातला संडास मोजता येत नाही?

गव्हाण :
मी एका सहकारी कारखान्याच्या शेती खात्यात आहे. लिहिलंय चांगलं, पण अर्धवट. कारखाना ऊसतोड मजुराचा मालक नाही. करार वाहतूकदाराशी आणि मुकादमाशी असतो. आम्ही ॲडव्हान्स देतो आणि किती मुकादम तो घेऊन पसार होतात ते पोलीस ठाण्यात जाऊन विचारा. उसाची एफआरपी, म्हणजे शेतकऱ्याला द्यायची किमान किंमत, केंद्र ठरवतं, ती चौदा दिवसांत द्यावी लागते. साखरेचा किमान विक्री दर 2019 ला किलोला 31 रुपये केला आणि पुढं वर्षानुवर्षं तिथंच राहिला. पैसा आणायचा कुठून? ऊसतोड कामगार महामंडळासाठी टनामागं 10 रुपये कारखान्यांनी आणि तेवढेच सरकारनं द्यायचे असं ठरलंय. अजून काय करायचं? दवाखान्यात कापाकापी करणारा मोकळा आणि शिव्या कारखान्याला, हे बरं आहे.

डॉक्टरीणबाई :
कापाकापी करणारी मीच. बीड जिल्ह्यात बावीस वर्षं स्त्रीरोगाची प्रॅक्टिस करते. धाग्यात दोन्हीकडून अर्धंच खरं बोलायलेत.

पांढरं जाणं म्हणजे बहुतेक वेळा इन्फेक्शन. आठवड्याभराच्या गोळ्यांनी बरं होतं, काही वेळा नवऱ्यालाही औषध द्यावं लागतं इतकंच. रक्त जास्त जात असेल तर गोळ्या आहेत, हार्मोनची कॉपर-टीसारखी वस्तू बसवता येते. कॅन्सरची भीती असेल तर आधी पॅप तपासणी. चाळिशीच्या आत पिशवी काढली आणि सोबत अंडाशयही काढलं तर पाळी गेल्याची सगळी लक्षणं एका झटक्यात येतात. हाडं ठिसूळ होतात, हृदयाचा धोका वाढतो. अंडाशय ठेवलं तरी पाळी जायचं वय अलीकडं येऊ शकतं. हे न सांगता टेबलावर घेणारे आमच्यात आहेत आणि मला त्यांची लाज वाटते.

पण आता दुसरी बाजू. माझ्यासमोर बाई बसते आणि म्हणते, "मॅडम, गोळ्या नको, काढूनच टाका. तीन लेकरं झाली, कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालं, आता पिशवीचं काय काम?" सासू मागून मान डोलावते. मी नाही म्हटलं तर ती शेजारच्या जिल्ह्यात जाते. परवानगीच्या नियमाचा मला झालेला अनुभव असा, की खरंच फायब्रॉइडच्या गाठीनं रक्त चाललेल्या बाईचे आठ-दहा दिवस कागदात जातात. बाईला स्वतःचं काही ठरवताच येत नाही, असं धरून चालणं हाही तिचा अपमानच नाही का?

आकडेमोड :
17 टक्के हा आकडा सगळे फेकतात म्हणून. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) देशाचं प्रमाण 3 टक्क्यांच्या थोडं वर आहे. आंध्र आणि तेलंगणात मात्र 8 च्या वर. तिथल्या बायका काय आपल्या फडात येतात? तिथं दोष विमा योजना आणि खाजगी दवाखान्यांकडं जातो. एप्रिल 2023 ला सुप्रीम कोर्टानं अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रियांबाबत राज्यांना निर्देश दिले, त्या याचिकेत राजस्थान, बिहार, छत्तीसगड होतं. ऊस नसतानाही हे होतं, मग सगळं खापर उसावर कशाला?

बालाघाटचा :
@आकडेमोड, मुद्दा चोख आहे, मान्य. खाजगी दवाखान्याची हाव सगळीकडं आहे. पण 8 आणि 17 मध्ये अंतर उरतंच ना? ते कुठून आलं? (पाहणीतली वयं आणि पद्धत वेगळी असणार, हे तुम्ही म्हणायच्या आधी मीच म्हणतो.)

डॉक्टरीणबाई, बाईला अक्कल नाही असं मी म्हणत नाही. उलट ती हिशोबच करते. खाडा किती, गोळ्यांसाठी परगावी दवाखाना शोधायला दिवस किती जाणार, आणि मुकादम ऑपरेशनला उचल देतो, गोळ्यांना देत नाही. तिचा हिशोब बरोबर आहे, तिच्यापुढं ठेवलेले आकडे खोटे आहेत.

आणि @गव्हाण, "मालक आम्ही नाही" हे वाक्य किती वर्षं चालवणार? बॉयलर कधी पेटवायचा, किती टोळ्या लागतील, कोणत्या फडात कधी कोयता लावायचा, सगळं तुमचं शेती खातं ठरवतं. मजूर आजारी पडला की तेवढा तो मुकादमाचा. मुकादमाचं 20 टक्के कमिशन कुणाच्या खात्यातून जातं? राजकारणाचं तर बोलायलाच नको. ज्यांच्या नावानं महामंडळ आहे ते गोपीनाथ मुंडे ऊसतोड्यांचे नेते होते, संप त्यांनीच केले, आणि परळीचा वैद्यनाथ कारखानाही त्यांनीच उभा केला. माझा बाप त्यांना देव मानायचा, मीही वाईट बोलणार नाही. पण तोडणीचा भाव ठरवायच्या बैठकीत दोन्ही बाजूंना कारखानदारच बसले तर न्हाणीघराचा विषय काढायचा कुणी?

लातूरकर_७ :
ऊस तोडायचे हार्वेस्टर आणा, विषय संपला.

गव्हाण :
हार्वेस्टर हाच उपाय आहे, आम्ही घेतलाय. आणि तो आला की हेच लोक रोजगार गेला म्हणून मोर्चा आणतील. कोपीजवळ फिरते संडास एकदा ठेवले होते. पंधरा दिवसांत फड बदलला, टोळी बारा किलोमीटर पुढं. संडास जागेवरच. ते हलवायचं कुणी, यावर मीटिंगमध्ये तासभर भांडण झालं. हसू नका, खरं सांगतोय.

धारूरची लेक :
मी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आई-वडिलांनी सतरा हंगाम केले. मी दहावीपर्यंत अर्धं वर्ष आजीजवळ, अर्धं वर्ष सांगलीकडं कोपीत. पहिली पाळी मला फडातच आली. आईनं लुगड्याचा तुकडा दिला आणि वाढ्यांच्या, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या, भाऱ्याआड उभं राहायला सांगितलं, कारण गाडी भरायची होती आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

आईची पिशवी 27 व्या वर्षी काढली. अंडाशयंही. हे मला कॉलेजात कागद वाचायला लागल्यावर कळलं, तिला अजून माहीत नाही. आता ती 38 ची आहे. रात्री घामानं भिजते, अंग पेटल्यासारखं होतं, मोळी डोक्यावर घेतली की मणक्यात कळ येते. गावात म्हणतात, उष्णता झाली, ताक प्या.

मॅडम, एवढ्या वर्षांनी काही करता येतं का?

डॉक्टरीणबाई :
येतं, बाळा. हाडांची तपासणी, कॅल्शियम, व्हिटॅमिन डी बघू. हार्मोनची औषधं चालतील का ते तिला तपासून ठरवू. ओझं मात्र बंद करायला लागेल. या आठवड्यात घेऊन ये, जुने कागद असतील ते आण. फी नको. बुधवारी जमेल?

धारूरची लेक :
आमची गाडी सोमवारी भरायली मॅडम. उचल घेतलीय. चैत्रात आणते.