शेकरू दिसेल अशी जुनी देवराई: पुण्याहून एका दिवसात कुठे?

रानओढ: मुलगा पाचवीत आहे. शेकरू आपला राज्यप्राणी हे त्याला पाठ आहे, पण अजून पाहिलेलं नाही. सासूबाईही येणार, त्यांना चढ जमत नाही. श्रावणात भीमाशंकरला गेलो, तर दर्शनाच्या रांगेपलीकडे काही दिसलं नाही. खरंखुरं जुनं रान कुठे बघता येईल?

घोडखोरं: ताई, आहुप्याला जा. मंचर, घोडेगाव, डिंभे, मग धरणाच्या कडेकडेने गावापर्यंत रस्ता. घोड नदीचा उगम तिथलाच. गाव महादेव कोळ्यांचं. भैरवनाथाच्या देवराईला देवाच्या धाकानं म्हणा, मायेनं म्हणा, पिढ्यान्‌पिढ्या कुऱ्हाड लागलेली नाही. आत शिरलं की भर उन्हातही गारवा जाणवतो. गारंबीचे मांडीएवढे वेल या झाडावरून त्या झाडावर गेलेत. मला खाली तिची एक बी सापडली: चपटी, तपकिरी, घासून गुळगुळीत केल्यासारखी. खिशात टाकणार तोच सोबतचे आजोबा म्हणाले, "देवाचं हाय ते, हितंच ऱ्हाऊ द्या." ठेवली परत. वाळकं लाकूडसुद्धा तिथून कुणी नेत नाही.

शेकरूसाठी आधी जमिनीकडे बघा. कुरतडलेली ताजी फळं, सालपटं पडलेली दिसली की थांबा आणि हलू नका. घरटं बारीक फांद्यांच्या टोकाशी असतं, शिकारी पोचू नये म्हणून. एकेक शेकरू बरीच घरटी बांधतं, त्यामुळे घरटं दिसलं म्हणून ते आत असेलच असं नाही. दुपारी ते आराम करतं, म्हणून पहाटे पाचला पुणे सोडा.

डहाळी: आहुप्याला माझंही मत. पण भीमाशंकरवर फुली मारू नका. १९८५ साली तिथं अभयारण्य झालं, ते मुख्यतः शेकरूसाठीच. श्रावण आणि महाशिवरात्र टाळून मधल्या वारी जा. पावसाळ्यात तिथल्या कुजक्या लाकडावरची बुरशी अंधारात हिरवट चमकते.

रानओढ: ती बघायला रात्री रानात जाता येईल?

घोडखोरं: आपल्या आपण मुळीच नको. वनखात्याची परवानगी आणि गावातला माणूस असेल तरच. या खेपेला दिवसाचंच करा. देवराईत गावातल्या कुणाला तरी सोबत घ्या, त्यांचे दिवसाचे पैसे आधी ठरवून. चपला कुठे काढायच्या, कुठवर जायचं, हे त्यांनाच विचारा. सासूबाईंना कडेच्या सावलीत बसवलंत तरी चालेल. शीळकरी कस्तुर या पक्ष्याची शीळ तिथवर ऐकू येते.

रानओढ: येत्या शनिवारी निघतोय. दुर्बीण शेजाऱ्यांकडून मिळाली.