मदत हवी आहे: दोन क्षितिजं बरोबर असताना पायलट बिघडलेल्यावर विसंबतो कसा?

चंद्रकोर७
लेख उद्या दुपारी द्यायचाय, बाकी सगळा लिहून झालाय. एका जागी अडलेय. कॅप्टनसमोरचं क्षितिज, म्हणजे विमान किती कललंय ते दाखवणारं यंत्र, बिघडलं, को-पायलटचं चालू होतं, शिवाय राखीव तिसरं होतंच. तरी विमान उलटं होईपर्यंत कळलं कसं नाही? 'मानवी चूक' म्हणून बोळवण करायची नाहीये मला. लिंका नकोत, वाचून झाल्यात.

कोकणकडा
कुठला अपघात? रात्र होती की दिवस? जमिनीवर की समुद्रावर? यावर सगळं उत्तर अवलंबून आहे.

नभांगण
एअर फ्रान्स ४४७ म्हणताय ना? १ जून २००९, अटलांटिक, २२८ माणसं. वेग मोजणाऱ्या पिटो नळ्यांत बर्फ धरला, ऑटोपायलट सुटला आणि पायलट नाक वर ओढत राहिला. वेगाचे आकडे मिनिटभरातच ताळ्यावर आले होते. पण विमान एवढं मंदावलं की आकडा ६० नॉट्सच्या खाली गेला आणि स्टॉलचा, म्हणजे पंखांची उचल तुटल्याचा, इशाराच बंद पडला. मग नाक जरा खाली केलं की इशारा पुन्हा सुरू! योग्य ते केलं की ओरडतंय, चुकीचं केलं की गप्प. माणसानं काय समजायचं?

चंद्रकोर७
तो नाही हो, तिथं क्षितिज शाबूत होतं. एअर इंडिया ८५५. 'सम्राट अशोक', १ जानेवारी १९७८, सांताक्रूझहून दुबईला निघालेलं ७४७. वांद्र्यासमोर समुद्रात, २१३ जण.

कोकणकडा
मग रात्रच. हे आधी लिहायला हवं होतं.

हँगर_नं_३
ताई, मी निवृत्त इन्स्ट्रुमेंट तंत्रज्ञ. उड्डाणानंतर विमानानं उजवं वळण घेतलं. मग ते सरळ झालं, पण कॅप्टनचं क्षितिज उजव्या कलावरच अडकलं. त्याला दिसतंय की आपण अजून कललेलो आहोत, म्हणून तो डावीकडे वळवत गेला. पुढे काळा समुद्र, किनाऱ्याचे दिवे मागे, बाहेर बघून ताडायला काहीच नाही. सावकाश वाढणारा कल कानातल्या तोलाच्या यंत्रणेलाही जाणवत नाही. आपलंही बिघडलंय अशा अर्थाचं को-पायलट बोलला. त्यानं कॅप्टनचं यंत्र बघितलं की स्वतःचं, हे मला आजवर उलगडलेलं नाही. पण दोन्ही गेली असं कॅप्टननं धरलं असेल, तर तिसऱ्याकडे वळायला उसंत कुठे होती? उड्डाणापासून समुद्रापर्यंत दोन मिनिटंही नाहीत.

सडेतोड
उसंत नव्हती हे पटत नाही. तीन यंत्रं ताडून बघणं हा पहिला धडा आहे. चौकशीतही ठपका कॅप्टनवरच आला.

हँगर_नं_३
ठपक्यानं ताईंचं उत्तर मिळत नाही. फ्लाइट इंजिनिअरनं शेवटी 'त्यावर जाऊ नका' असं सांगितलं होतं. म्हणजे एकाला दिसलं होतं.

नभांगण
स्टॅनस्टेड, डिसेंबर १९९९, कोरियन एअरचं मालवाहू ७४७. तंतोतंत हेच! कॅप्टनचं क्षितिज गेलं, दोन्ही यंत्रांत तफावत असल्याचा भोंगा वाजला, इंजिनिअर 'कल, कल' सांगत राहिला आणि को-पायलट गप्प. साहेबापुढे बोलायचं नाही, हेच मूळ कारण.

सडेतोड
८५५ मध्ये को-पायलट बोलला की! दोन्ही एकाच दावणीला बांधू नका.

मंजिरी_ठाणे
आई पहिल्यांदाच विमानात बसणार आहे, फार घाबरलीय. मागची सीट जास्त सुरक्षित असते का?

कोकणकडा
मंजिरीताई, वेगळा धागा काढा, नक्की उत्तर देतो. चंद्रकोर, लिमाचं १९९६चं एरोपेरू बघा. विमान धुताना बाहेरच्या हवेचा दाब घेणाऱ्या स्टॅटिक छिद्रांवर लावलेली चिकटपट्टी काढायची राहिली. उंची, वेग दोन्ही खोटं, आणि अंधारात समुद्रावरच.

चंद्रकोर७
लिमा लेखात बसणार नाही, तिथं उंची-वेगाची यंत्रंच खोटी होती. माझा प्रश्न एक खोटं, दोन खरी असतानाचा आहे. हँगरकाका, राखीव क्षितिजाला वीज वेगळी होती का? आणि ते कॅप्टनच्या नजरेपासून किती लांब? रात्री जागी आहे.

हँगर_नं_३
जुनी मॅन्युअल माळ्यावर आहेत. काढतो, तासाभरात लिहितो.

मंजिरी_ठाणे
वेगळा धागा कुठून काढतात?